हवा निघेपर्यंत

१

इंजिनाच्या पाण्यातली हवा काढणं हे बसून करायचं काम, आणि मिस्त्रीला बसून करायच्या कामांचा पहिल्यापासून कंटाळा. साध्या गाडीचं एक वेळ ठीक असतं. पाणी भरलं, इंजिन चालू केलं, चार बुडबुडे आले, झाकण लावलं, गाडी मालकाच्या हवाली. पण ही गाडी शर्यतीची. बुटकी, रुंद, जमिनीला पोट घासत चालणारी. हिचं इंजिन सीटच्या पाठीमागे आणि रेडिएटर पार पुढे, नाकाशी. मधे पोटाखालून दोन लांबलचक नळ्या. पाणी बदललं की त्या नळ्यांत कुठेतरी हवा अडकून बसते. हवा अडकली की तिथे पाणी पोचत नाही, आणि पाणी पोचलं नाही की एवढं महागाचं इंजिन तव्यासारखं तापून वाकडं होतं. म्हणून इंजिनाशेजारच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं ठेवायचं, आतला हीटर पूर्ण सोडायचा, इंजिन जागेवर चालू ठेवायचं आणि स्टूल टाकून बुडबुडे बघत बसायचं. बुडबुडे थांबले की मगच झाकण लावायचं.

मिस्त्री स्टूल टाकून बसला होता खरा, पण त्याचं चित्त वर होतं. वर म्हणजे गॅरेजच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत त्याची बायको पडून होती. तिच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. हॉस्पिटलने दोनदा ते काढलं, दोनदा ते परत भरलं. मग काल डॉक्टरांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, घरी न्या, उद्याचा दिवस निभावला तर पुढचं बघू. डॉक्टरने खांद्यावर हात ठेवला की काय समजायचं हे कुणी शिकवावं लागत नाही.

सकाळपासून तो उशाशी बसून होता. शेवटी तिनेच त्याला हाकललं. एका दमात एवढं बोलणं तिला जमत नव्हतं, तरी तुकड्यातुकड्याने बोललीच.

"अहो, माझ्या तोंडाकडे काय बघत बसलाय? खाली जा. वकिलाची गाडी पुरी करा. नाहीतर तो यायचा, आणि तुम्ही माझं निमित्त सांगायचे."

"वकील गेला खड्ड्यात."

"मग त्याला खड्ड्यातून काढायला... गाडी लागेल ना."

तिची धाकटी बहीण औषधाची बाटली हलवत होती, तिलाही हसू आलं. मिस्त्री हसला नाही. पण खाली आला.

२

पाऊण तास झाला तरी बुडबुडे थांबेनात.

इंजिन तापलं होतं. काटा मधोमध उभा होता, जिथे तो असायला हवा तिथेच. पुढचा पंखा वेळेवर सुरू होत होता, वेळेवर बंद पडत होता. नळ्या वरपासून खालपर्यंत सारख्या गरम लागत होत्या, म्हणजे पाणी सगळीकडे फिरत होतं. मिस्त्रीने नळ्या दाबून पाहिल्या, गाडीचं नाक जॅकने उचलून पाहिलं. कुठेही हवा राहायला जागा उरली नव्हती. आणि तरी टाकीच्या तोंडाशी हिरवट पाण्यातून बुडबुडे वर येतच होते.

आता बुडबुडे थांबत नसले की कुठलाही मिस्त्री एकच गोष्ट सांगेल. हेडचं गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जोडातली पट्टी, गेलं, जळलेला धूर पाण्यात घुसतोय. त्याची परीक्षाही सोपी असते. एका काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, टाकीतून निघणारी हवा त्यातून ओढायची. धूर असेल तर निळ्याचं पिवळं होतं. मिस्त्रीने नळी लावली आणि वाट बघितली. औषध निळंच राहिलं. त्याला वाटलं, औषध जुनं झालं असेल. म्हणून त्याने नळी मागच्या धुरांड्याशी धरली, तर तिथे ते क्षणात पिवळं पडलं. औषध चांगलं होतं. पाण्यातून येत होती ती नुसती हवा, तुमच्याआमच्या नाकातोंडातून येते तसली.

एवढी हवा येते कुठून, हे त्याला कळेना. तो वाकून बघत राहिला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की बुडबुडे कसेही येत नाहीयेत. आधी दोन आखूड झुबके येतात. मग एक लांब. लांबाच्या शेवटी एकच बुडबुडा जरा अडखळतो, फुटू की नको असं करतो, आणि फुटतो. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा दोन आखूड.

पंपाची गती असेल, तो स्वतःशी म्हणाला. पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याने हाताने इंजिनाची गती किंचित वाढवली. आवाज चढला, पट्टा जोरात फिरला. बुडबुडे होते त्याच तालात येत राहिले.

३

वरून मेहुणीने हाक मारली, "भावोजी, चहा ठेवलाय, वर येऊन घेता का?"

हे निमित्त बरं झालं असं म्हणत मिस्त्री हात पुसून जिना चढू लागला. जिना अरुंद, मधे एक वळण. त्या वळणावर तो रोज थांबायचा, गुडघे दुखायचे म्हणून. आजही थांबला.

वरच्या खोलीचं दार उघडं होतं. बायकोचा श्वास तिथून स्पष्ट ऐकू येत होता. गेले काही दिवस तो आवाज ऐकून ऐकून त्याला पाठ झाला होता, पण पाठ झालेली गोष्ट माणूस नीट ऐकत नाही. दोन आखूड श्वास. मग एक लांब, घरघरत ओढलेला. लांबाच्या शेवटी एक अडखळा. मग शांतता.

खालून इंजिनाच्या घुरघुरीच्या वर टाकीच्या तोंडाचा आवाज येत होता. गुळूप, गुळूप. मग लांब गुळगुळ. मग तो एकटा बुडबुडा.

मिस्त्री कठड्याला धरून उभा राहिला. वरचा आवाज त्याच्या उजव्या कानात येत होता, खालचा डाव्या. दोन्ही एका वेळी सुरू होत होते आणि एका वेळी थांबत होते. शांतता पडायची तीही दोन्हीकडे बरोबरच पडायची.

त्याने डोकं चालवायचा प्रयत्न केला. आठवडाभर झोप नाही. पोटात धड अन्न नाही. अशा वेळी माणसाला घड्याळाच्या टिकटिकीतही आपलं नाव ऐकू येतं. दोन आवाज शेजारी ठेवले की कान त्यांची मोट बांधतोच, दोन गाड्यांचे इंडिकेटर नाही का मधेच एका तालात लुकलुकायला लागत. हो, पण थोड्या वेळाने ते फाकतातही. मिस्त्री हे दोन आवाज फाकायची वाट बघत उभा राहिला. तो बराच वेळ उभा होता. शेवटी मेहुणी दारात आली.

"भावोजी? चहा गार होतोय. आणि असे पांढरे फटक का पडलात?"

"काही नाही," तो म्हणाला, "गुडघा."

चहा न घेताच तो उलट पावली खाली उतरला.

४

शहाण्या माणसाने अशा वेळी जे करावं तेच त्याने केलं. इंजिन फार वेळ चालू आहे, थंड होऊ द्यावं, मग सावकाश बघू, असं म्हणून त्याने किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. गॅरेजमध्ये एकदम एवढी शांतता झाली की भिंतीवरच्या पान्यांची आपापसातली बारीक किणकिण ऐकू आली. टाकीतलं पाणी सपाट झालं. एक बुडबुडा अर्ध्यावर येऊन थांबला होता, तो तिथेच विरला.

"ताई?" वरून आवाज आला. मग मोठ्याने, "ताई! अगं ताई! भावोजी, लवकर या! श्वास घेत नाहीये ती!"

माणूस अशा वेळी जिन्याकडे धावतो. कुणीही धावेल. मिस्त्रीचे पाय मात्र जिन्याकडे वळलेच नाहीत. तो गाडीच्या दाराकडे झेपावला आणि त्याने किल्ली फिरवली. तापलेलं इंजिन एकदा नुसतं कण्हलं. दुसऱ्यांदा लागलं. टाकीत खोलवर काहीतरी हललं आणि बुडबुड्यांचा एक मोठा लोट वर आला, इतका की पाणी काठावरून सांडलं.

वर बायकोने ओढलेला श्वास त्याला खालपर्यंत ऐकू आला. पाण्यात बुडालेलं माणूस वर आल्यावर ओढतं तसा.

"आला, आला," मेहुणी रडत म्हणाली. "अहो भावोजी, कुठे आहात तुम्ही?"

मिस्त्री सीटवर आडवा पडला होता, पाय बाहेर, हात अजून किल्लीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की श्वास मधेमधे थांबेल, घाबरू नका. तेव्हा थांबायचाच तो थांबला असेल. नेमकं त्याच वेळी आपण किल्ली फिरवली असेल. असं होतं, योगायोग यालाच म्हणतात. खात्री करून घ्यायची तर पुन्हा एकदा इंजिन बंद करून बघायला हवं होतं.

त्याने किल्लीवरून हात काढला आणि परत त्या हाताने किल्लीला शिवायचं नाही असं ठरवलं.

५

आता ही गोष्ट गाड्यांतलं ज्याला थोडं कळतं त्यालाच उमगेल. शर्यतीची गाडी धावण्यासाठी बनवलेली असते. वारा नाकात शिरला तर तिचं पाणी थंड राहतं. जागेवर उभी करून चालू ठेवली की ती स्वतःच्याच उष्णतेत शिजत जाते. पंखा असतो, पण तो बिचारा सिग्नलपुरता. दिवसभर उभ्या गाडीला तो पुरा पडत नाही.

काटा मधल्या खुणेच्या वर सरकला.

"भावोजी, अंग भाजतंय हो तिचं!" वरून आवाज आला.

मिस्त्रीने गॅरेजची दोन्ही दारं उघडली, इंजिनावरचं मागचं झाकण वर करून खांबाला बांधून टाकलं. बागेला पाणी घालायची नळी ओढून आणली आणि रेडिएटरवर पाण्याचा मोठा फवारा सोडला. वाफेचा लोट उठला. काटा झरझर उतरला, खुणेच्याही खाली गेला.

"आता कुडकुडतेय! दोन पांघरुणं घातली तरी दात वाजताहेत!"

त्याने नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धार बारीक केली. एवढी नको, एवढीही नको. डोळे काट्यावर, कान जिन्याकडे. अर्ध्या तासाने त्याला त्याची नस सापडली. अंगठा अमुक इतका दाबला की काटा मधोमध उभा राहतो, केसभरही हलत नाही. वरून हाक येईना. बुडबुडे संथ झाले, आणि मिस्त्रीला वाटलं की लांबाच्या शेवटचा अडखळा कमी झालाय. आयुष्यात कुणासाठी देव पाण्यात घालून बसला नव्हता तो, पण आज नळी धरून बसला होता ते त्याहून वेगळं नव्हतं. अंगठा बधिर झाला, पाठ मोडून आली, पण त्याने हात बदलला नाही. असं चार दिवस बसून राहा म्हटलं असतं तरी तो राहिला असता.

वकिलाचा फोन आला. "मिस्त्री, घेऊन जाऊ का गाडी संध्याकाळी?"

"अजून हवा आहे," मिस्त्री म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

मग पंख्याचा वास आला. जळक्या वार्निशचा, मिस्त्रीच्या नाकाला नेमका कळणारा. पंखा कुरकुरला, दोन फेरे फिरला आणि उभा राहिला. काटा सरकला. मिस्त्रीने अंगठा उचलून धार मोठी केली, आणि तेवढ्यात नळी दोनदा खोकली. गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. शेवटचं पाणी त्याच्या बुटांवर टपटपलं.

"भावोजी!" मेहुणीचा आवाज आता ओळखू येत नव्हता. "तापाने बडबडायला लागलीय! तुम्ही वर का येत नाही? ती तुम्हाला हाका मारतेय हो!"

मिस्त्रीने त्या क्षणी जिन्याकडे पाहिलं. त्याला वर जायचं होतं. तिचा हात हातात घेऊन बसायचं होतं, आणि जे काय व्हायचं ते आपल्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं. कोणत्याही नवऱ्याचा तेवढा हक्क असतोच. पण काटा तांबड्याच्या काठाला लागला होता, आणि टाकीतले बुडबुडे आता एकमेकांच्या अंगावर चढत, घाईघाईने येत होते.

इंजिनाची उष्णता ओढून घेणारा हीटर मघाच पूर्ण सोडलेला होता. आता एकच उपाय उरला होता, वारा. आणि वारा हवा तर गाडी रस्त्यावर काढायला हवी. आणि रस्त्यावर काढायची तर टाकीला झाकण लावायला हवं.

तो झाकण हातात घेऊन टाकीवर वाकला. ऊन वाफ त्याच्या तोंडावर आली.

"दहा मिनिटं," तो पाण्याला म्हणाला. "अगं, नुसती दहा मिनिटं दम धर. तुला बरं करून आणतो."

त्याने झाकण ठेवलं, पण पुरतं आवळलं नाही. अर्ध्या फेऱ्यावर सोडलं, जरा वाट राहावी म्हणून.

६

मागच्या झाकणाची दोरी सोडून त्याने गाडी बाहेर काढली तेव्हा मेहुणी खिडकीत येऊन ओरडत होती. "कुठे चाललात? तिला अशी टाकून कुठे चाललात?" मिस्त्रीने वर पाहिलं नाही.

गल्ल्या ओलांडून तो मोठ्या रस्त्याला लागला, जिथे सिग्नल नाहीत. ऊन कलतं होतं. त्याने पाय दाबला आणि वारा गाडीच्या नाकात शिरला. काटा तांबड्यावरून सुटला. थोडा खाली आला, आणखी थोडा, आणि मधोमध येऊन असा बसला जणू कुणी खिळा ठोकला. मागचं इंजिन सुरात आलं. एवढ्या वर्षांत मिस्त्रीने कुठलंही इंजिन इतकं मोकळं चालताना ऐकलं नव्हतं. त्याला रडू फुटलं.

हीटर चालूच होता. आत भट्टी झाली होती, घाम डोळ्यांत उतरत होता. आणि समोरच्या काचेवर, डाव्या बाजूला, रिकाम्या सीटसमोर, वाफेचा एक ठिपका उमटला. तळहाताएवढा. उमटला आणि विरला. पुन्हा उमटला.

हीटरची जाळी गळत असेल, मिस्त्रीने मनाशी म्हटलं. गळक्या जाळीने काच धुरकटतेच. पण मग ती सगळी धुरकटायला हवी. नि धुरकटलेली काच आपली आपण पुसली जात नाही. ठिपका येत होता, जात होता. आता दोन आखूड नव्हते. सगळे सारखे, लांब, शांत. गाढ झोपलेल्या माणसाचे असतात तसे. त्या बाजूला मान वळवून बघायचं धाडस त्याला झालं नाही. पण अगदी खोटं कशाला बोला, त्याला बरंही वाटत होतं. पुष्कळ दिवसांनी ती दोघं गाडीतून फिरायला निघाल्यासारखं.

सीटवरचा फोन वाजला. घरून होता. तो वाजून वाजून थांबला, परत वाजला. मिस्त्रीने तो उचलला नाही. फोनवरून काय कळणार ते त्याला माहीत होतं, आणि कळून घेतलं नाही तोवर ते झालेलं नव्हतं. काटा मधोमध होता. इंजिन चालू होतं. बाकी जगाशी त्याला कर्तव्य नव्हतं. फोन तिसऱ्यांदा वाजला, चौथ्यांदा वाजला. त्याने आवाज ऐकू येऊ नये म्हणून पाय आणखी दाबला.

मग समोर एक पिवळा दिवा लागला. पेट्रोलचा.

७

पेट्रोलपंप मोकळाच होता. पंपावरचा माणूस पोरगेलासा, अंगात निळा शर्ट. ही गाडी बघून त्याचे डोळे लकाकले. त्याने अदबीने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, पाइप आत खोचला आणि खिडकीशी आला.

"गाडी बंद करा काका."

"चालू राहू दे," मिस्त्री म्हणाला. "तू टाक."

"चालूत नाही टाकता येत. नियम आहे."

"मला माहीत आहे नियम. मीच लोकांना सांगत आलो. एवढ्या वेळेस टाक. हात जोडतो तुला."

त्याने खरंच हात जोडले. पंपावरच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं. डोळे तांबारलेले, अंगावरचा शर्ट निथळतोय, बाहेर एवढं ऊन आणि आत हीटर चालू.

"काका, तब्येत बरी नाही का तुमची? किती उकडतंय आत," तो म्हणाला. "थांबा, मी करतो."

आणि मिस्त्रीचे हात जोडलेलेच होते तोवर त्याने खिडकीतून हात घालून, म्हाताऱ्या माणसाला मदत करावी तशी, किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. पंपाची मोटर सुरू झाली. मिस्त्री समोरच्या काचेकडे बघत होता. ठिपका कडांकडून आक्रसत गेला, आणि काच स्वच्छ झाली.

फोन वाजला. आता न उचलायला काही कारण उरलं नव्हतं.

"काय हो भावोजी!" मेहुणी हसत होती. हसता हसता रडत होती. "किती फोन करायचे माणसाने! ताप उतरला! ताई उठून बसलीय, तुम्ही गेलात आणि थोड्याच वेळात बसली. स्वतःच्या हाताने चहा प्यायली. श्वास बघा कसा मोकळा झालाय. म्हणते, कुठे उंडारायला गेलेत ते विचार. घ्या, तिच्याशीच बोला, तिच्याकडे देते."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातानाची खसखस ऐकू आली.

"अगं," मिस्त्री म्हणाला. "अगं, मी बोलतोय."

पलीकडे काही नव्हतं. मिस्त्रीने एका हाताने फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्याने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. पंपावरचा माणूस ओरडत धावला आणि त्याने खिडकीतून त्याचं मनगट पकडलं. "काका, टाकी उघडी आहे! वेड लागलंय का? पेट घेईल सगळं!" मिस्त्री जिवाच्या आकांताने मनगट सोडवत होता.

"ताई," फोनमध्ये मेहुणी म्हणत होती, थोडी लांबून, अजून हसऱ्या आवाजात. "अगं ताई, असा काय सोडतेस फोन? नीट धर ना."